गद्धेपंचविशी कोणाची?

गद्धेपंचविशी हा शब्द ज्याचा त्याने स्वतःपुरता वापरावा, दुसऱ्याच्या अंगावर टाकू नये. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी आडपडदा न ठेवता मांडणार आहे. साठीतला माणूस गप्पांच्या ओघात सांगतो, ‘गद्धेपंचविशीत होतो, घरच्यांशी भांडलो आणि मुंबई गाठली,’ तेव्हा तो शब्द खरा असतो. त्यात कबुली असते, हुरहुर असते, त्या वेड्या धाडसाबद्दल थोडा अभिमानही असतो. तोच शब्द बोट रोखून एखाद्या एकोणीस वर्षांच्या पोराला ऐकवला की त्याचा अर्थ एकच उरतो: तू बोलू नकोस. आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे सरकारदप्तरी आता अहिल्यानगर जिल्ह्यात, मी हा शब्द बहुतेक वेळा या दुसऱ्याच अर्थाने ऐकत आलो आहे. पारावर, सोसायटीच्या सभेत, लग्नाच्या बैठकीत, ग्रामपंचायतीत.

शब्दाची घडण साधी आहे. गद्धा आणि पंचविशी. पंचविशी म्हणजे पंचवीसांचा गट. वेताळपंचविशी आपण लहानपणापासून ऐकतो. पंचवीस हाच आकडा का, तर शंभर वर्षांच्या आयुष्याचे चार भाग पाडणारी आश्रमव्यवस्था त्यामागे असावी असं मला वाटतं. तिथे पहिली पंचवीस वर्षं शिकण्याची. शास्त्राने ज्याला विद्यार्थी म्हटलं, त्यालाच बोलभाषेने गद्धा म्हटलं. आता हा गद्धा नीट पाहा. संस्कृतातला गर्दभ मराठीत येता येता गाढव झाला, आणि जनावराला आपण गाढवच म्हणतो. वीटभट्टीवर ‘गद्धे हाकून आण’ असं कोणी म्हणत नाही. गद्धा, गद्ध्या हे रूप मराठीने माणसासाठी आणि तेही शिवी द्यायला राखून ठेवलं आहे. म्हणजे या शब्दात जनावर नाहीच. आहे ती निव्वळ शिवी, तिला वयाचा आकडा जोडलेला.

म्हातारपणासाठीही मराठीत म्हण आहे: साठी बुद्धी नाठी. ती कोणी साठीच्या माणसाला तोंडावर ऐकवतं का? भर सभेत एखादा पोरगा म्हणाला, ‘तात्या, साठी झाली तुमची, आता तुम्हाला काही सुचायचं नाही,’ तर संध्याकाळच्या आत त्याच्या बापाला बोलावून त्याला माफी मागायला लावतील. लावावीच, कारण ते बोलणं उद्धटच आहे. मग वरून खाली आलेलं तेच बोलणं वडीलकीचा सल्ला कसं ठरतं?

या शब्दाने जनावराचाही अपमान केला आहे. तो कळायचा तर पाथर्डी तालुक्यातल्या मढीला जावं. कानिफनाथांच्या यात्रेला तिथे माणसं लोटतात आणि गाढवांचा मोठा बाजार भरतो. वडार, कैकाडी, बेलदार, कुंभार, भटक्या जमातींची माणसं लांबून येतात. घेणारा माणूस जनावराचा ओठ अंगठ्याने वर उचलतो आणि दात पाहतो. दातावरून वय, वयावरून किंमत. मग तो खूर पाहतो, पाठीवरून हात फिरवतो, केसांखाली जुनी जखम लपलेली आहे का ते बोटांनी चाचपतो. कोवळ्या, धडधाकट जनावराला तिथे भाव आहे, कारण कामाची वर्षं त्याच्यापुढे आहेत. ज्यांचं पोट गाढवावर चालतं ते त्याच्या तरुणपणाला हसत नाहीत. हसतात ते लोक, ज्यांनी आयुष्यात गाढवाचा दोर कधी हातात धरलेला नाही.

आता हा शब्द कसा वापरतात ते सांगतो. नेवासे तालुक्यातलं एक गाव, यंदाची 15 ऑगस्टची ग्रामसभा. झेंडावंदन झालं, शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या पसरल्या, पुढारी खुर्च्यांवर बसले. रोज एसटीने नगरला कॉलेजला जाणारी एक मुलगी उभी राहिली. हातात नळयोजनेच्या अंदाजपत्रकाची झेरॉक्स. तिने आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, की कागदावर पाइपलाइन आमच्या वस्तीपर्यंत दाखवली आहे, वस्तीवर तर पाइप आलेलाच नाही, तेव्हा कामाचं मोजमाप पुस्तक बघायला मिळेल का? व्हरांडा गप्प झाला. मग पहिल्या रांगेतले एक वजनदार गृहस्थ खुर्चीतूनच बोलले, ‘पोरी, गद्धेपंचविशीत असंच वाटतं, सगळे चोर आणि आपण तेवढे साव. अभ्यास कर, आईबापाचं नाव काढ.’ लोक हसले. तिचा बापही खाली बघून हसला आणि तिला हाताने खुणावलं, बस. विषय संपला. सभेनंतर मी चौकशी केली की तिचा प्रश्न इतिवृत्तात घेतला का. उत्तर मिळालं, ‘लेकराचं काय लिहायचं?’

हे लेकरू मतदार आहे. गावच्या मतदारयादीत ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सभासद. कायद्यात लहान सभासद आणि मोठा सभासद असा भेद नाही. त्या गृहस्थांना कायदा ठाऊक नाही असं नव्हे. त्यांच्यापाशी उत्तर नव्हतं. पाइप कुठे गेला हे सांगता येत नव्हतं, म्हणून त्यांनी तिचं वय पुढे केलं. हा शब्द नेमका अशाच वेळी बाहेर निघतो हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. पोराचा मुद्दा चुकीचा असेल तर मोठी माणसं तो खोडून काढतात, त्यात त्यांना मजाही वाटते. मुद्दा बरोबर असला की मात्र त्याचं वय निघतं, मिशा निघतात, ‘आम्ही काय उन्हात केस पांढरे केले का’ हे निघतं.

आणि हीच मंडळी निवडणूक आली की त्याच पोरांच्या गाड्यांत पेट्रोल भरतात. शंभर मोटारसायकलींची रॅली काढायची असते, समोरच्या गटाच्या मिरवणुकीपुढे डीजे वाजवायचा असतो, मोर्चात पोलिसांच्या काठ्या खायला पुढे कोणीतरी हवं असतं, तेव्हा ही पोरं ‘आमची तरुणाई’ असतात. उद्या गुन्हे दाखल झाले तर पासपोर्ट आणि नोकरीची पोलीस पडताळणी त्या पोरांची अडते, रॅली काढणाऱ्याची नाही. विशीतल्या मुलाला दगड मारायला लावताना ज्याला त्याचं कोवळं वय आठवत नाही, त्याने ते प्रश्न विचारतानाही आठवून देऊ नये.

ज्या नेवाशात त्या मुलीला असं गप्प बसवलं त्या नेवाशाची मला लाज वाटावी की अभिमान, हे मला अनेकदा कळत नाही. याच तालुक्याच्या गावी, प्रवरेच्या काठी, शके 1212 म्हणजे इसवी सन 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगून झाली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली तो पैस खांब आजही तिथे आहे आणि जिल्ह्यातला प्रत्येक पुढारी तिथे डोकं टेकवून फोटो काढतो. सर्वमान्य कालगणनेप्रमाणे ज्ञानेश्वरांचा जन्म 1275 चा. म्हणजे सांगणारा पंधरा वर्षांचा होता. लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा वयाने त्याच्याहून मोठे. ज्यांना तो गुरू म्हणत होता ते थोरले निवृत्तिनाथ सतराचे. सोपान तेराचा, मुक्ताई अकराची. एकविसाव्या वर्षी आळंदीला समाधी. मराठी भाषा ज्या माणसावर उभी आहे त्याचं सगळं आयुष्य गद्धेपंचविशीच्या आत संपलं.

हे बोललं की लगेच उत्तर येतं: ते अवतारी पुरुष होते, त्यांची गोष्ट वेगळी. मला हे उत्तर मान्य नाही, कारण ते भक्तीतून येत नाही, सोयीतून येतं. त्यांना अवतार ठरवलं की आजच्या पंधरा वर्षांच्या कोणाचंही ऐकण्याची जबाबदारी संपते. त्या काळच्या वडीलधाऱ्यांना हा मुलगा अवतार वाटला नव्हता. संन्याशाची पोरं म्हणून मुलग्यांना मुंज नाकारली, चौघांनाही गावाबाहेर ठेवलं, पैठणहून शुद्धिपत्र आणा म्हणून धाडलं, असं परंपरा सांगते. आईबापांनी तर देहत्याग केला. तेव्हाच्या जाणत्या, अनुभवी, पावसाळे पाहिलेल्या माणसांनी शहाणपणाच्या नावाखाली काय केलं हे ज्या जिल्ह्यात प्रत्येक सप्ताहात सांगितलं जातं, तिथेच सप्ताह संपल्यावर मुलीला ‘बस खाली’ म्हटलं जातं.

खुद्द नगर शहराचं पाहा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार इथे मुलींच्या शाळा चालवत. जोतीराव फुल्यांनी त्या शाळा पाहिल्या आणि पुण्याला परत जाऊन 1848 मध्ये मुलींची शाळा काढली. तेव्हा जोतीराव एकविशीचे, सावित्रीबाई सतरा वर्षांच्या. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि चिखल फेकणारे काही पोरवयाचे टवाळच होते असं समजू नका. त्यांच्यामागे धर्म जाणणारी, वय झालेली, समाजात मान असलेली माणसं उभी होती. अनुभव त्यांच्याकडे भरपूर होता. आपलंच बरोबर, हे त्यांना अनुभवानेच शिकवलं होतं.

फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या एका मुलीचं नाव मुक्ता साळवे. मांग समाजातली, वय चौदा. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. हे ‘ज्ञानोदय’ 1842 मध्ये नगरमधूनच सुरू झालेलं. त्या पोरीने विचारलेला प्रश्न आजही कोणाला पेलत नाही. वेद वाचण्याचा आम्हाला अधिकार नसेल तर मग आमचा धर्म कोणता, असं तिने थेट विचारलं. इमारतींच्या पायांत आपल्या माणसांना गाडलं गेल्याचं लिहिलं, बाळंतपणात छप्पर नसलेल्या बायांचं दुःख लिहिलं. चौदाव्या वर्षी. तिच्या शिक्षकांनी तिला ‘आधी मोठी हो’ म्हटलं असतं तर तो निबंध झाला नसता आणि मराठीत दलित स्त्रीचा पहिला छापील आवाज कोण जाणे किती दशकं लांबला असता.

निबंध म्हटला की आता दुसराच निबंध आठवतो. मे 2024, पुणे, कल्याणीनगर. सतरा वर्षांच्या मुलाने महागड्या पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. दोघेही मेले. बालन्याय मंडळाने त्याला काही तासांत जामीन दिला आणि अटींमध्ये एक अट घातली: 300 शब्दांचा निबंध लिही. देशभर संताप उसळल्यावर त्याला निरीक्षणगृहात पाठवलं. पुढे महिनाभराने उच्च न्यायालयाने त्याची सुटका केली. अल्पवयीन मुलाला सुधारण्याची संधी मिळालीच पाहिजे, या कायद्याच्या तत्त्वाला माझा विरोध नाही. मी त्या तत्त्वाच्या बाजूचाच आहे. माझा राग वेगळा आहे. ग्रामसभेत मुलगी पाइपाचा हिशोब विचारते तेव्हा तिचं वय तिच्याविरुद्ध जातं, आणि धनाढ्याच्या मुलाने दोन जीव घेतले की वय त्याच्या मदतीला धावून येतं. एकच शब्द एकाचं तोंड दाबतो आणि दुसऱ्याचं पाप झाकतो. गावात वेगळं काही नाही. बड्या घरच्या मुलाने दारू पिऊन कोणाच्या दुकानाची काच फोडली तर बैठक बसते, चहा येतो आणि कोणीतरी म्हणतं, ‘जाऊ द्या हो, गद्धेपंचविशी आहे.’ काच फोडणारा पारधी वस्तीवरचा असेल तर चहा येत नाही, पोलिसांची गाडी येते.

ग्रिम बंधूंच्या संग्रहात एक जर्मन गोष्ट आहे. देव सगळ्यांना तीस-तीस वर्षांचं आयुष्य देऊ करतो. गाढव म्हणतं, एवढी वर्षं ओझी कोण वाहणार, कमी कर. देव त्याची अठरा वर्षं कमी करतो. कुत्रा बारा परत करतो, माकड दहा. माणसाला तीस पुरत नाहीत, म्हणून ही सगळी उरलेली वर्षं तो मागून घेतो. पहिली तीस त्याची स्वतःची, माणसाची, आनंदाची. मग अठरा गाढवाची, पाठीवर ओझं टाकणारी. मग बारा कुत्र्याची, दात पडल्यावर कोपऱ्यात बसून गुरगुरण्याची. शेवटची दहा माकडाची. या गोष्टीत तरुणपण गाढवाचं नाही, ते तर माणसाचं सगळ्यात खरं वय आहे. गाढव येतं ते ओझ्याबरोबर.

आणि ओझ्याची गोष्ट निघाली की माझ्या जिल्ह्याला उत्तर द्यावं लागतं. आशिया खंडातला पहिला म्हणवला जाणारा सहकारी साखर कारखाना 1950 मध्ये प्रवरानगरला उभा राहिला, याचा आम्ही प्रत्येक भाषणात उल्लेख करतो. त्याच जिल्ह्यात पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबं दिवाळी आटोपली की ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता, त्याला उचलही अर्धी. म्हणून अठरा-एकोणीसच्या पोराला बायको पाहतात, आणि ती पंधरा-सोळाची पाहतात. ती पहाटे अंधारात फडात उतरते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन ट्रॅक्टरला टेकवलेल्या फळीवरून वर चढते. फळी दवाने निसरडी असते. अशा मुलीचा पाय घसरलेला मी पाहिला आहे. ती पडली, उठली, परकराने ढोपर पुसलं आणि तीच मोळी पुन्हा उचलली, कारण खाडा झाला तर उचलीतून कापतात. तिला गद्धेपंचविशी कुठली? चुकायला, रुसायला, कॉलेज बुडवायला, भलत्या माणसाच्या प्रेमात पडायला आणि त्यातून शहाणं व्हायला जी रिकामी वर्षं लागतात, ती तिला कोणी दिलीच नाहीत. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या सुमारे 22 टक्के स्त्रियांनी आपलं लग्न अठराच्या आत झाल्याचं सांगितलं. शंभरातल्या बावीस. ज्यांना ओझं वाहायचं नाही त्यांची पंचविशी गाढवपणाची असते. या मुलींची पंचविशी गाढवाची असते, आणि तिला आपण काहीच नाव ठेवलेलं नाही.

पोरं चुकत नाहीत असं मी म्हणत नाही. चुकतात. हेल्मेट न घालता तिघं-तिघं बसून नगर-मनमाड रस्त्यावर गाडी पळवतात, रीळ काढायला मुळा धरणाच्या कडेला जातात, कर्ज काढून मोबाइल घेतात. त्यांना थांबवणं हे आपलंच काम आहे आणि ते रागावून करावं लागलं तरी करावं. पण ‘गाडी हळू चालव, मागच्या वळणावर परवाच माणूस गेला’ हे सांगणं म्हणजे अनुभव देणं. ‘गद्धेपंचविशी’ म्हणणं म्हणजे अनुभव स्वतःकडेच ठेवून त्याचा नुसता धाक दाखवणं. पहिल्यात कष्ट आहेत, दुसऱ्यात नाहीत.

खर्ड्याबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. अहिल्याबाईंचं चौंडी ज्या जामखेड तालुक्यात, त्याच तालुक्यात खर्डा आहे. 28 एप्रिल 2014 रोजी तिथे सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. गावातल्या वरच्या जातीच्या मुलीशी तो बोलत होता, या संशयावरून त्याला मारलं असा आरोप होता. खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं. मुलगा मेला हे खरं, त्याला मारलं मात्र कोणीच नाही. सतराव्या वर्षी मुलीशी बोलावंसं वाटणं, ती दिसली की थांबावंसं वाटणं, यालाच तर हा शब्द जन्मापासून चिकटलेला आहे. याच गोष्टी आठवून म्हातारी माणसं हसतात आणि नातवंडांना सांगतात. ‘जाऊ द्या, पोरगं आहे, वय आहे’ हे वाक्य तेव्हा गावात एकाही वडीलधाऱ्या माणसाला त्या पोरासाठी उच्चारता आलं नाही. आणि नंतर साक्षीच्या पिंजऱ्यात जे उभे राहिले आणि ज्यांनी आपलाच जबाब फिरवला, त्यांनाही मग कसला अनुभव होता म्हणायचं?

ग्रामपंचायतीला उभं राहायला एकवीस पूर्ण लागतात, आमदारकीला पंचवीस. मतदानाचं वय 1989 पासून अठरा आहे, आधी एकवीस होतं. तेव्हाही अठराच्या पोरांना काय कळतं म्हणून ओरड करणारे होतेच. या आकड्यांवर वाद घालायला मी तयार आहे, पण अठराव्या वर्षी जो हक्क मिळालेला आहे तो तरी व्हरांड्यातल्या एका शिवीने काढून घेऊ नका. नेवाशातल्या त्या गावची पुढची ग्रामसभा 2 ऑक्टोबरला आहे. त्या गृहस्थांना माझं जाहीर सांगणं आहे: ती मुलगी पुन्हा उभी राहणार आहे, मी तिच्या शेजारी बसणार आहे. मोजमाप पुस्तक टेबलावर ठेवा, तिचा प्रश्न तिच्या नावानिशी इतिवृत्तात लिहून घ्या, आणि वस्तीचा पाइप कुठे आहे ते सांगा.